पाण्याच्या सायकलीला वाट

नांदेडला एस.टी.च्या टपावर सायकल चढवताना कंडक्टरने विचारलं, "सायकल घेऊन लातूरला काय काम काढलंत बाई?" म्हटलं, शाळेत जायला मुलींना सायकलवर बसवायचंय. तो हसला. हसू दे. आम्ही चौघी शिक्षिकांनी हे खूळ डोक्यात घेतलं होतं आणि लोकांच्या हसण्याने ते उतरणारं नव्हतं.

नवा जिल्हा झाल्यापासून लातूरचा तोरा बघण्यासारखा. कचेऱ्यांवर ओल्या रंगाच्या पाट्या, रस्त्यांवर सरकारी जीपगाड्या. पावसाळा कोरडा गेल्यामुळे त्यात टँकरची भर. मुरुडच्या रस्त्याला लागले तर एक टँकरवाला खिडकीतून ओरडला, "मरायचं हाय का बाई?" मी चालवत राहिले. पुढे बाभळीचा काटा घुसला. पंक्चरवाल्याकडे घमेलं होतं, पण त्यात पाणी नव्हतं. त्याने ट्यूब गालाजवळून फिरवत भोक शोधलं.

मुरुडच्या अलीकडच्या एका खेड्यात रज्जाकभाई राहतात. गाद्या भरण्याचा धंदा. त्यांची नसीमा सातवी पास झाली, मुरुडच्या शाळेत तिचं नाव घातलं, पण जूनपासून ती घरीच. दिवाळीनंतरही आली नाही तर नाव कमी होणार, असा तिथल्या माझ्या मैत्रिणीचा निरोप होता. त्यासाठीच मी आले होते.

भाकरी, पिठलं आणि अर्धा तांब्या पाणी समोर आलं. तेवढं पाणीसुद्धा मला जड गेलं. मग मी नसीमाला सायकलवरून शाळेत पाठवायचा विषय काढला.

"बाई, तुमची बात खरी हाय," रज्जाकभाई म्हणाले. "पर टँकर लई येड्यावानी पळून राहिलेत. पोरीला सायकलवर कसं धाडू?"

तेवढ्यात नसीमाच आली. बापाच्या सायकलवरून, कॅरेजला दोन्ही बाजूंनी भरलेल्या घागरी बांधलेल्या.

"पाणी कुठनं आणलंस गं?"

"मुरुडच्या हापशावरनं, बाई. शाळेच्या म्होरं हाय."

मी रज्जाकभाईंकडे बघितलं. राग आला होता आणि तो लपवायची मला गरज वाटली नाही.

"पान्याचं येगळं हाय," ते शांतपणे म्हणाले. "घागर दिसली की डायव्हर गाडी बाजूला घेतो. पानी सांडायचं पाप कोन घेईल? नुसती पोरगी कुनाला दिसती?"

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. मी म्हटलं, "मग घागरी बांधूनच जाऊ दे. सकाळी रिकाम्या, शाळा सुटली की भरून."

ते कापूस चिवडू लागले. आतून नसीमाची आई म्हणाली, "एका फेरीत दोन कामं हुतील की." शेवटी रज्जाकभाईंनी मान डोलावली.

दिवाळीची सुट्टी संपली तशी मी पुन्हा गेले आणि नसीमासोबत मुरुडपर्यंत सायकल चालवली. तिच्या घागरी वाटभर खणखणत होत्या. दोन टँकर आले आणि दोन्ही खरोखरच बाजूने गेले. मी जिंकल्यासारखी खूश होते. शाळेच्या फाटकाशी तिने सायकल लावली आणि हळूच विचारलं, "बाई, म्होरल्या साली पाऊस झाला, आमची हीर भरली, तर मंग?"

परतीच्या गाडीत शेजारची म्हातारी पावसासाठी केलेल्या नवसांबद्दल बोलत होती. सगळा मुलूख आभाळाकडे डोळे लावून बसला होता आणि या एका पोरीला त्याच पावसाची धास्ती. पाऊस यायलाच हवा. तो यायच्या आत मला रज्जाकभाईंकडे पुन्हा जायचं आहे, आणि या खेपेला घागरीचं नावही काढायचं नाही.