शिंपल्यांनी मोजलेली शर्यत

नारळी पुनवेला आमच्या मढ गावात पोहण्याची शर्यत असायची. दर्यात नांगरलेल्या मचव्याला हात लावून किनाऱ्यावर परत यायचं. माझ्या मालकांनी, हरेश्वरांनी, ती सात वेळा जिंकली होती. पन्नाशी उलटल्यावर ते शेवटी येऊ लागले, तेव्हा म्हणाले, "पोरांशी कसली शर्यत? मागल्या सालापेक्षा लवकर आलो की मीच जिंकलो."

घरात घड्याळ नव्हतं, म्हणून मोजायला मी, त्यांची बायको. मला वीसपर्यंतच येतं. पण बाजारात मासळी विसावरच मोजतात, त्यामुळे अडलं नाही. वीस आकडे झाले की एक शिंपली ओटीत टाकायची. सत्तर साली दोन वीस शिंपल्या भरल्या.

एकाहत्तरला मालकांच्या छातीत कळ येऊ लागली. "यंदा एक जरी शिंपली वाढली तर शर्यत सोडली," असं त्यांनी मला वचन दिलं. मी दर्याला तेवढी एकच शिंपली जास्त मागितली.

दोन वीस शिंपल्या झाल्या तेव्हा पोरं अंग पुसून घरी निघाली होती आणि मालक अजून लांबच होते. वर सात शिंपल्या झाल्यावर ते रांगत वाळूवर आले. ओठ निळे पडले होते.

"सरू, किती गं?"

त्यांच्या तोंडाकडे बघून माझी जीभ फिरली. "दोन विसांना एक कमी."

"बघ! म्हातारा म्हणतात मला!" ते धापा टाकत हसले. "पुढल्या साली आणखी एक कमी करतो."

मी शिंपल्या वाजू नयेत म्हणून ओटी घट्ट धरली आणि मान डोलावली.