मुदतीचे अर्ज

वैशाख वद्य चतुर्थी, बुधवार. सकाळपासून उकाडा. दुपारी चारच्या सुमारास धुळीची वावटळ आली, पाऊस नाही.

काल वाचनालयात भाऊसाहेब वकिलांच्या तसबिरीला हार घातला. एका वक्त्याने सांगितले, "भोरात भाऊसाहेबांनी वकील घडवले!" टाळ्या झाल्या. मी उठून घरी आलो. त्यांच्याकडे अकरा वर्षे मी कारकून होतो, आणि रोज दोन ओळी लिहायची मला सवय आहे. जुन्या वह्या काढल्या तर एका पानाला दुसरे पान चिकटून निघावे तसे किस्से निघू लागले. एकाच उमेदवाराचे लिहितो, म्हणजे ते वकील कसे घडवीत ते कळेल.

*

त्या वेळी भोर संस्थानात रीत अशी होती : परीक्षा पास झाल्यावर वर्षभर एखाद्या सनदी वकिलाकडे उमेदवारी करायची, कोर्टात हजर राहायचे, आणि शेवटी त्या वकिलाच्या सहीचा दाखला आणायचा. दाखला नाही तर सनद नाही. दोन वर्षांत सनद घेतली नाही तर परीक्षा पुन्हा पहिल्यापासून!

धोंडिबा पालीच्या वरच्या धनगरवाड्यातला. चोवीस-पंचवीस वर्षांचा, अंगाने काटक. त्यांच्या वाड्यात सही करता येणारा तो पहिलाच. पासाचा कागद त्याने फडक्यात गुंडाळून आणला होता.

भाऊसाहेबांनी कागद पाहिलाच नाही. पहिला कायदेशीर प्रश्न विचारला, "धार काढता येते का रे?"

"शेळीची येती जी."

"म्हशीची शिकून घे."

पहिला महिना म्हशीत गेला. कोर्ट भाऊसाहेबांच्या घराच्या ओट्यावरून दिसत होते!

*

कायद्याची पुस्तके काचेच्या कपाटात होती. किल्ली भाऊसाहेबांच्या जानव्याला. आंघोळीलाही ती त्यांच्याबरोबरच जाई. धोंडिबाने एकदा धीर करून पुस्तक मागितले.

"आधी माणसं वाचायला शीक," भाऊसाहेब म्हणाले.

कपाट वर्षातून एकदाच उघडे, दसऱ्याला. पुस्तके पाटावर मांडायची, गंध-फूल वाहायचे. धोंडिबा त्या दिवशी पहाटेच आला. सगळी पुस्तके समोर उघड्यावर! त्याने हात पुढे केला, तसे भाऊसाहेब गरजले, "अरे, आज सरस्वतीची पूजा! आज वाचायचं नसतं!"

दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप.

*

दिवाळीनंतर धोंडिबा कोर्टात जाऊ लागला. का, ते सांगतो. भाऊसाहेबांना बुद्धिबळाचा नाद होता. नीरेकाठच्या मळ्यात दुसऱ्या आंब्याखाली पट मांडलेला असे. डाव रंगला की कोर्टाला मुदतीचा अर्ज जाई. मी लिहायचा, त्यांनी सही करायची, धोंडिबाने द्यायचा. मजकूर ठरलेला : 'वकील पोटशुळाने आजारी, सबब मुदत मिळावी. माझ्या वतीने माझे उमेदवार धोंडिबा हजर आहेत.'

अक्षर माझे होते. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

मुन्सफसाहेब शांत माणूस. एकदा अर्ज वाचून त्यांनी धोंडिबाकडे पाहिले, "तुमच्या वकिलांच्या पोटाला विचारा, पुढची कोणती तारीख सोसवेल?"

कोर्ट हसले. धोंडिबा हसला नाही.

*

विंझरची साळूबाई. नवरा गेलेला, वकील देण्याची ऐपत नाही. तिच्या शेताकडे जाणारी वाट दिराने काटेरी कुंपण घालून बंद केली, म्हणून तिने दावा लावला होता. दिराचे वकील भाऊसाहेब. वाट बंद राहील तितके दिराचे बरे, त्यामुळे या दाव्यात पोटशूळ फार!

साळूबाई दर तारखेला विंझरहून चालत यायची. आदल्या दिवशी निघायची, कापूरहोळला कुणाच्या तरी ओसरीवर पडायची, सकाळी भोरात. इथे धोंडिबाच्या हातात अर्ज.

सहाव्या वेळी तिने त्याला कोर्टाच्या पायरीवर अडवले. आवाज चढवला नाही.

"पालीचा हाईस न्हवं तू?"

"व्हय, मावशे."

"तुजी आय चालती का रं अशी? का तिला बी तारीक देतोस?"

धोंडिबा ओट्यावर येऊन बसला आणि मला म्हणाला, "तात्या, म्या वकिली शिकाय आलतो. हितं आपल्याच मानसाला हाकलाय शिकलो."

मी कलम खाली ठेवले. पण दुपारी पुढचा अर्ज मीच लिहिला.

*

वर्ष भरले. धोंडिबाचे वडील मुद्दाम विणून घेतलेली नवी काळी घोंगडी घेऊन आले. भाऊसाहेबांनी ती लगेच खाली अंथरून घेतली, वर बसले आणि म्हणाले, "पोरगं अजून कच्चं आहे. दाखल्याचं पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पाहू."

तोपर्यंत दोन वर्षे उलटून परीक्षा बाद होणार होती, हे त्यांना पक्के ठाऊक होते. फुकटचा माणूस कोण सोडतो?

म्हातारा हात जोडून म्हणाला, "साहेब, पोरगं कच्चं ऱ्हायलं, त्ये तुमच्याच चुलीवर व्हतं न्हवं?"

भाऊसाहेबांनी त्याला दारातून बाहेर घालवले. घोंगडी राहिली.

*

धोंडिबाने मुन्सफसाहेबांकडे अर्ज केला : उमेदवारी पुरी केली, दाखला मिळत नाही. कोर्टाने भाऊसाहेबांचे म्हणणे मागवले. त्यांनी लिहून दिले, 'सदर उमेदवार माझ्या कामात कोर्टात एकदाही हजर राहिलेला नाही.' हा कागद मला लिहायला सांगितला नाही, स्वतः लिहिला.

त्या रविवारी मी दिवसभर माझ्या वह्या घेऊन बसलो आणि कोणत्या तारखेला कोणत्या दाव्यात पोटशूळ झाला, त्याची यादी केली. सोमवारी ती धोंडिबाच्या हातात दिली. त्याने ती कोर्टात दिली. मुन्सफसाहेबांनी दप्तरातून फायली काढवल्या. एकतीस अर्ज निघाले. प्रत्येकावर 'माझे उमेदवार धोंडिबा हजर आहेत', खाली भाऊसाहेबांची सही.

मुन्सफसाहेबांनी एका हातात भाऊसाहेबांचे म्हणणे धरले, दुसऱ्या हातात अर्जांचा गठ्ठा.

"वकीलसाहेब, दोन्हीकडे सही आपलीच. खोटी कोणती, तेवढं सांगा. म्हणजे मला पुढचा हुकूम लिहायला बरं."

भाऊसाहेबांनी घाम पुसला, पाणी मागितले. मग तिथेच दाखला लिहिला. वर मला ऐकू जाईल असे म्हणाले, "घरातच विंचू पाळला होता!"

कोर्टातून मी तडक त्यांच्या घरी गेलो आणि कपाटाशेजारची माझी दौत आणि छत्री उचलली. त्या ओट्यावर पुन्हा चढलो नाही.

*

धोंडिबाला सनद मिळाली. पहिले वकीलपत्र साळूबाईचे. त्याच दाव्याची तारीख होती. मी मागच्या बाकावर बसलो होतो. साळूबाई भिंतीशी उकिडवी बसली होती, पायांवर धूळ.

पुकारा झाला. भाऊसाहेबांचा नवा उमेदवार उठला. हातात अर्ज. अक्षर नव्या कारकुनाचे, मजकूर तोच.

मुन्सफसाहेबांनी वाचला. "पोटशूळ. हरकत आहे कुणाची?"

धोंडिबा उभा राहिला. काळा कोट कुणाचा तरी मागून आणलेला, बाह्या आखूड. "हाय साहेब. आहे हरकत."

"कारण?"

"वर्षभर मला एवढंच काम शिकवलंय साहेब, त्यामुळं ह्यातलं मला समदं कळतं. पट्टेवाला पाठवावा. आजारी माणूस नीरेकाठच्या मळ्यात, दुसऱ्या आंब्याखाली सापडंल. बिगी जायला सांगा, डाव मोडायच्या आत."

पट्टेवाला गेला. पाऊण तासाने भाऊसाहेबांना घेऊन आला. त्यांच्या मुठीत पांढरा उंट तसाच होता.

मुदतीचा अर्ज नामंजूर. साळूबाईची जबानी सव्वाबारा वाजता सुरू झाली. चौथ्या दिवशी निकाल : वाट आठ दिवसांत मोकळी करून द्यावी. कुंपण सहाव्या दिवशी निघाले.