गच्चीवरचा अँटेना

गारगोटीच्या एसटी स्टँडवर सोडायला आलास तेव्हा, दादा, तू जीपमधून उतरलासुद्धा नाहीस. इंजिन चालूच ठेवून म्हणालास, "जा की! आभाळ मोजून कुणाचं प्वाट भरलंय?" मी जर्मनीला निघाले होते आणि तुला डेअरीत दूध घालायची घाई होती. आई तेवढी खाली उतरून रडली. तुझा राग आला होता, अजून आहे.

इथं मी उपग्रहांकडून येणारे रेडिओ सिग्नल मोजते. ढगांच्याही खूप वर आयनोस्फियर नावाचा थर आहे. आपल्याकडे दिवस मावळला की तो कधी कधी खवळतो आणि त्यातून येणारा सिग्नल थरथरतो. जर्मनीचं आभाळ त्या मानानं थंड, इथल्या माणसांसारखंच. म्हणून मागच्या सुट्टीत घराच्या गच्चीवर, माझ्या खोलीशेजारी, अँटेना बसवला. "ह्येच्यावर म्याच दिसंल व्हय?" असं अख्ख्या गल्लीनं विचारून घेतलं.

या उन्हाळ्यात त्या अँटेनाचा, इंटरनेटवरून मला इथं दिसणारा सिग्नल थरथरायला लागला. मी हरखले. आमच्या गावचं आभाळ बघा, म्हणून ऑफिसभर मिरवलं. मग लक्षात आलं, की रोज तोच उपग्रह त्याच जागी आला की तीच थरथर येते. आभाळ इतकं शिस्तीत खवळत नाही. अँटेनाजवळ काहीतरी लोखंडी उभं राहिलं होतं आणि सिग्नल त्यावर आपटून येत होता.

आईला फोन लावला. आधी तिनं माझ्या जेवणाचं विचारलं. मग म्हणाली, "दादानं पत्र्याचं शेड मारलंय गं. तुजी खोली पाडली. भाड्यानं द्यायचं म्हंतोय. तुला सांगू नगं म्हणालाय."

तुला विचारलं तर तू उलट माझ्यावरच खेकसलास, "तू ऱ्हातीस व्हय हितं? आभाळ तुझं, घर आमचं! भाऊबीजेला ये, ओवाळ आन् हक्कसोडीवर सही करून जा. समद्या भणी करत्यात."

करतात खऱ्या. आत्यानं केली, मावशीनं केली, साडी घेऊन हसत हसत गेल्या. माहेर तुटू नये म्हणून करतात. माझं तर तू सहीआधीच पाडलंस.

माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरी इथं भेटतात. घराची आठवण येते का, विचारतात. येते, आणि त्यानंच जास्त चीड येते. घर म्हणजे आता माया वगैरे नाही. जिथून मला हुसकून काढायचं चाललंय आणि जिथून मी हलणार नाही, ते घर.

भाऊबीजेला येते. ओवाळीन. सही करणार नाही. भाडेकरू आला असेल तर त्याला सांगून ठेव, मालकीणबाई येणार आहेत.