रानडुकराची आयाळ

स्ट्रोक आला तेव्हा मी किचनमध्ये पोह्यांना फोडणी देत होते. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. सगळे नाही गेले, पण हवा तो कधीच वेळेवर यायचा नाही. चहा मागायचा तर तोंडातून ‘चप्पल’ निघायचं. टोरोंटोतल्या स्कारबरोच्या हायस्कूलमध्ये मी आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली होती, वर्ग माझ्या आवाजाने गप्प व्हायचा. आता मीच गप्प झाले. मी बोलायला लागले की समोरचा प्रेमाने माझं वाक्य पुरं करायचा आणि बहुतेक वेळा भलतंच करायचा. मग मी मान हलवून सोडून द्यायचे.

आमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये मादागास्करची एक कलावती कापडावर मोठमोठी चित्रं करत होती. तिकडच्या लोककथा ती कापड, सुती धागे आणि राफिया नावाच्या ताडाच्या पानांचे तंतू शिवून उभ्या करायची. मदतीला माणसं हवी आहेत, अशी चिठ्ठी तिथल्या बोर्डावर लागली होती. ती वाचून माझ्या नवऱ्याने लगेच माझं नाव दिलं.

“अगं, जाऊन तर बघ. नाही आवडलं तर मी आहेच खाली गाडीत.”

मी रागानेच गेले. एका हाताने काय शिवणार?

ती माझ्याच वयाची असावी. बरीच वर्षं मॉन्ट्रियलमध्ये राहिलेली, त्यामुळे इंग्लिश बोलताना तीही शब्दांसाठी थांबायची आणि मध्येच फ्रेंचमध्ये घसरायची. तिने माझा हात पाहिला. कापड लाकडी चौकटीला ताणून बांधलं, चौकट टेबलाला घट्ट बसवली आणि माझ्या डाव्या हातात जाड सुई दिली.

“तुमच्याकडे हे रानडुक्कर,” ती म्हणाली. “याला आयाळ हवी.”

शिवता शिवता तिने गोष्ट सांगितली. रानडुक्कर सरड्याला हिणवतं, किती हळू चालतोस रे! सरडा म्हणतो, लाव शर्यत. शर्यत सुरू होताच तो गुपचूप डुकराची आयाळ धरून पाठीवर बसतो. डुक्कर ऊर फुटेस्तोवर पळतं, आणि शेवटच्या खुणेशी सरडा टुणकन पुढे उडी मारून म्हणतो, मी केव्हाचा आलोय!

माझे टाके वेडेवाकडे पडले. राफियाचे तंतू कुठे आखूड, कुठे लांब, काही उभेच्या उभे. मी ते उसवायला लागले तर तिने हात धरला.

“रानडुकराचे केस कोणी विंचरलेत का?”

कित्येक दिवसांनी मी मोठ्याने हसले.

मग मी दर मंगळवारी जायला लागले. ती दर वेळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची आणि मध्येच थांबायची. खिडकीबाहेर बर्फ पडत असायचं, हीटर गुणगुणत असायचा आणि ती सुईत दोरा ओवत बसायची. मला घाई नाही हे तिला सांगावं लागलं नाही, तिलाही नव्हती. एकदा तशाच थांबण्यात माझ्या तोंडून आलं, “डुक्कर.” मराठीतच आलं. तिने तो शब्द दोनदा घोळवून म्हटला, ‘दूकर’, आणि पुढे गोष्टीत तोच वापरायला लागली. मग ‘सरडा’ आला. ‘पळाला’ आला. एका मंगळवारी तर मी तिला मध्येच अडवून सांगितलं, “नो, नो. आधी… आधी… उडी.” मला न्यायला वर आलेला नवरा दारात थांबून ऐकत होता.

वसंतात डाउनटाउनच्या एका गॅलरीत प्रदर्शन भरलं. मिल्टनहून मुलगा, सून आणि नात आली. भिंतभर पसरलेल्या त्या डुकरापुढे नात उभी राहिली.

“आजी, व्हाय इज द लिझर्ड सिटिंग ऑन हिम?”

मी तोंड उघडलं. शब्द नेहमीसारखा अडला. मुलगा सांगायला पुढे झाला, तेवढ्यात नवऱ्याने त्याचा दंड धरला. “थांब. ती सांगतेय.”

मी गोष्ट सांगितली. अर्धी मराठीत, अर्धी इंग्लिशमध्ये, मधल्या जागा डाव्या हाताच्या खुणांनी भरून. ‘शर्यत’ आठवेना तर ‘रेस’ म्हटलं, तेही लगेच आलं नाही. पण शेवटपर्यंत पोचले. नात खिदळली आणि म्हणाली, “अगेन!” मुलगा भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होता. ती कलावती जरा लांब उभी राहून ऐकत होती, जवळ आली नाही.

माझं बोलणं पूर्ण परतलेलं नाही आणि कदाचित परतणारही नाही. डॉक्टर, स्पीच थेरपिस्ट, गाडीत कॉफी पीत थांबलेला नवरा, सगळ्यांचेच माझ्यावर उपकार आहेत. पण माझ्यासाठी थांबायचं कसं, हे आमच्या घराने तिच्याकडून उचललं.

स्ट्रोकनंतर मी फोनला हात लावत नसे. समोर चेहरा नसला की माझी धांदल उडते. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा ग्रोसरी आणायला गेल्यावर मी स्वतः तिला फोन लावला. तिच्या भाषेत आभाराला ‘मिसाओत्रा’ म्हणतात. तो शब्द तोंडात यायला फार वेळ लागला. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. तिने काही सुचवलं नाही, ‘हॅलो, हॅलो’ही केलं नाही. शब्द आला. मग आम्ही दोघी बराच वेळ बोललो.