ठेकेदार बदलला असं वाटलं तेव्हा

आमच्या महाळुंग्याच्या शिवारात ज्वारीच्या जागी आता कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड उभ्या आहेत. त्या शेडमधूनच रोहिदास फिटर झाला. तिथली रीत त्याच्या अंगात मुरली होती. ठेकेदार बदलतो, कंपनी तीच राहते. जुन्याने कबूल केलेलं नव्याकडून बिनदिक्कत मागून घ्यायचं.

जास्त पगारासाठी तो आफ्रिकेतल्या माली देशात विजेचे मनोरे उभारायला गेला. तिथून मोटारसायकलवाल्या बंदूकधाऱ्यांनी त्याला आणि अमादू नावाच्या ड्रायव्हरला उचललं. ही टोळी अल-कायदाला मानणारी. पुढे कधीतरी पायातली साखळी काढू, असा शब्द तिच्या म्होरक्याने दिला होता.

एका सकाळी गोळीबार झाला. जुने पहारेकरी पळाले, दुसरे आले. तसेच फेटे, तशाच बंदुका, तीच नमाज. रोहिदासला वाटलं, ठेकेदार बदलला. त्याने मोडक्या इंग्रजीत जुन्या म्होरक्याचं नाव सांगून साखळी काढायला सांगितलं.

बंदुकीची नळी त्याच्या गळ्याला टेकली.

अमादूने त्याला लाथ घालून पाडलं आणि नव्या म्होरक्याला हसत हसत काही सांगितलं. नळी सावकाश खाली गेली. मग अमादू रोहिदासच्या कानाशी वाकला. मराठीतला 'भावा' हा एकच शब्द त्याला येत होता, बाकीचं त्याने इंग्रजीत सांगितलं.

"भावा, हे जुन्या टोळीचे वैरी. तू तापात बरळतोस, असं सांगितलंय. आता आजारीच राहा."

रोहिदास भुकेला असूनही जेवण परत करत राहिला. अमादूने त्याला हळूहळू सगळं उलगडून सांगितलं. दोन्ही टोळ्यांतली बरीच माणसं पूर्वी एकत्र होती. मग काहींनी अल-कायदाची शपथ घेतली, काहींनी इस्लामिक स्टेटची. तरी कित्येक वर्षं ते एकमेकांना वाट देत. पुढे गावांवरच्या वसुलीवरून आणि फुटणाऱ्या माणसांवरून बिनसलं, ते रक्तापर्यंत गेलं.

कंपनीने गावोगावच्या वडीलधाऱ्यांमार्फत बोलणी केली आणि रोहिदास सुटला. अमादूसाठी बोलणारं कुणी नव्हतं.

आता रोहिदास भोसरीत एका वर्कशॉपमध्ये आहे. चहाच्या गाड्यावर तिथलाच सोबती शेखर म्हणाला, ते सगळे नमाजवाले एकाच माळेचे मणी, राव.

रोहिदासने कप खाली ठेवला. "नमाज तर अमादू बी पढायचा."

दर रविवारी तो अमादूच्या बायकोला फोन लावतो. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नाही. तो नुसतं 'अमादू?' विचारतो, ती तिच्या भाषेत 'नाही' म्हणते, तेवढं त्याला कळतं.