शिवेबाहेरची ओरल

"देवान कौल देवक नाय," मधूभाऊ परब म्हणाले आणि मी आधी घड्याळ बघितलं.

मधूभाऊ म्हणजे माझ्या वर्गातल्या मयुरीचे वडील. गावच्या मानकऱ्यांपैकी एक. गावपळण सुरू होती. आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव शिवेबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळीच. आम्ही डिसोझा पिढ्यान्‌पिढ्या चर्चला जाणारे, पण गावपळणीत आमची झोपडी परबांच्या झोपडीला लागूनच असते. तीन दिवस तीन रात्री गावात चूल पेटत नाही. चौथ्या दिवशी देवाला विचारायचं, येऊ का? देव हो म्हणाला तर घरी, नाही तर मुक्काम वाढला.

ह्या वेळी वाढला. एरवी मला आनंदच झाला असता. सड्यावरची, म्हणजे शिवेबाहेरच्या कातळमाळावरची हवा, सुक्या बांगड्याचा वास, गप्पा. पण आमची शाळा गावाच्या आत होती आणि मयुरीची ओरल राहिली होती.

ओरल म्हणजे काय ते सांगते. मी अकरावी-बारावीला एका परदेशी बोर्डाचं ॲडव्हान्स इंग्लिश शिकवते. त्यात जगभरच्या भाषांतली पुस्तकं इंग्रजी अनुवादात वाचायची असतात. मुलाने त्यातला एक उतारा घेऊन त्यावर बोलायचं, मग शिक्षकाने प्रश्न विचारायचे, आणि हे सगळं एका दमात रेकॉर्ड करायचं. मध्ये थांबवायचं नाही, कापाकापी नाही. शिक्षकाने एक शब्द जरी सुचवला तरी ओरल बाद. मग ते रेकॉर्डिंग मॉडरेटर ऐकतो. मॉडरेटर म्हणजे आम्ही दिलेले मार्क तपासणारा परका परीक्षक. आपण त्याला कधी बघत नाही, पण धाक सासूसारखा.

बाकी मुलांच्या ओरल आधीच झाल्या होत्या. मयुरी तेव्हा तापाने पडली होती. म्हटलं, चौथ्या दिवशी गाव भरलं, म्हणजे सगळे परत आले, की त्याच दिवशी घेऊ. रेकॉर्डिंग पाठवायचा तो शेवटचाच दिवस होता. गेलं नाही तर विषय अपूर्ण, म्हणजे वर्ष फुकट. आणि मधूभाऊंनी आधीच बजावलं होतं, "एकदा नापास झाला तर दुसऱ्यांदा शाळा नाय. काजूच्या फॅक्टरीत जावचा."

दुपारी प्रिन्सिपल सरांची गाडी शिवेपाशी येऊन थांबली. सर पुण्याचे, राहायला मालवणात. माणूस वाईट नाही, पण घाईचा.

"डिसोझा मॅडम, ऑफिसची चावी तुमच्याकडे आहे ना? चला. मुलीला घ्या, गाडीत बसा. रेकॉर्डिंग रूम उघडू, अर्ध्या तासात बाहेर."

"सर, गावात जाता येत नाही."

"शाळा आहे ती, देऊळ नाही! आणि गाव रिकामं आहे. कोण बघतंय?"

"कोणीच बघत नाही, म्हणून तर जायचं नाही, सर."

"मॅडम, तुम्ही तर ख्रिश्चन!"

अस्सा राग आला! म्हटलं, "ख्रिश्चन आहे, पण ह्या गावातली आहे." तसं सरांचंही चुकत नव्हतं. बोर्डाने सेंटर म्हणून शाळेचं नाव लिहिलेलं. उद्या कोणी जाब विचारला तर मान त्यांची अडकणार.

शेवटी मी मयुरीलाच विचारलं. वर्ष तिचं होतं.

"मयुरी, खरा सांग. जावया आत?"

तिने आधी गावाकडे पाहिलं, मग बापाकडे. मधूभाऊ जमिनीकडे बघत उभे होते. हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

"मी जावचंय नाय, टीचर," ती म्हणाली. आणि रडायला लागली. "पण माझा वरीस जातला काय?"

मी फोन काढला. बोर्डाच्या मदत केंद्राला मेल टाकला: शाळा बंद आहे, बाहेर फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल का? मग वाट बघत बसले. मालवणला जाऊन घ्यावी तर बोर्डाचा होकार नाही, आणि त्याशिवाय सर तयार नाहीत. उत्तर आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शिक्षक हजर असेल आणि आवाज स्पष्ट असेल तर जागा कुठलीही चालेल. मुदत मात्र वाढणार नाही.

आता मालवण गाठून शांत खोली शोधायला वेळ नव्हता. आणि सड्यावर शांतता कुठली? पोरं, रेडिओ, भांडी, गुरं, शिवाय प्रत्येक झोपडीमागे एक कोंबडा.

मधूभाऊ उठले. नारळ घेतला, देवळाच्या दिशेने तोंड केलं आणि चक्क गाऱ्हाणं घातलं.

"बा म्हाराजा! आज ह्या लेकरू दूरदेशच्या लोकांका जाब देवक बसता. तेच्या जिभेर ऱ्हव, आणि आमच्या कोंब्यांका गप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा सडा ओरडला. मग त्यांनी पाठीमागे वळून दरडावलं, "आता कोणी तोंड उघडलात तर बघा!"

कोंबडे टोपल्यांखाली गेले. रेडिओ बंद झाले. आमच्या झोपडीत मी, मयुरी आणि मधे फोन. दाराशी सर हाताची घडी घालून उभे.

तिचा उतारा दूरच्या एका डोंगराळ देशातल्या कादंबरीचा होता. साथीच्या भीतीने गाव बाहेर पडतं आणि एक माणूस आपल्या घरात चोरून परत जातो. योगायोग म्हणा हवं तर. उतारा तिने पावसाळ्यातच निवडला होता. ती बोलली, ठीक बोलली. पाठ केल्यासारखं थोडं, पण अडखळली नाही. मग प्रश्नांची वेळ आली. मी ठरवलेला सोपा प्रश्न विचारणार होते. पण दारात सर दिसले आणि तोंडातून दुसराच निघाला.

"त्या माणसाने नियम मोडला आणि त्याचं काहीच वाईट झालं नाही. मग त्या नियमाचा उपयोग काय?"

मयुरी गप्प.

फोनवरचे आकडे पळत होते. ती कुडाच्या भिंतीकडे बघत होती. मेले, म्हटलं. कशाला शहाणपणा केलास गो बाये? एक शब्द सुचवला असता तर पोर सुटली असती, आणि ओरल तिथेच संपली असती. बाहेर एक वासरू हंबरलं, कोणीतरी त्याला दाबून धरलं असावं. सर घड्याळ बघायला लागले. मी रुमाल दातांत धरला. खरंच धरला.

मग ती बोलली. इंग्रजीत, हळू, आणि ह्या वेळी काही पाठ केलेलं नव्हतं.

"त्याला काहीच झालं नाही, हे खरं. साथ लागली नाही, देव कोपला नाही. पण सगळे परत आले तेव्हा एकमेकांना विचारत होते, आलास का, पोचलास का? त्याला कोणी विचारू शकलं नाही. सगळ्यांबरोबर तो आलाच नव्हता ना. शेवटच्या पानापर्यंत तो आपल्याच घरात आहे आणि तरीही परत आलेला नाही."

मी ती कादंबरी किती वर्षं शिकवत होते. हे मला कधी दिसलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, पण पुढचा प्रश्न विचारायचा होता, तो विचारला.

काळोख पडायच्या आत फाइल गेली. दुसऱ्या दिवशी देवाने कौल दिला, गाव भरलं. सरांनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला, आणि खाली स्वतःच सही करून बोर्डाला पाठवला.

निकाल लागला. मयुरी पास झाली. हवी ती ग्रेड एका पायरीने हुकली, पण वर्ष वाचलं आणि पुण्याच्या कॉलेजात नाव लागलं. मधूभाऊ पेढे घेऊन आले, फॅक्टरीचं नावही काढलं नाही.

मॉडरेटरचा शेरा मागाहून आला. आवाजाबद्दल नाराजी होतीच. आणि पुढे लिहिलं होतं की शिक्षिकेने विद्यार्थिनीला विचार करायला शांतपणे वेळ दिला, हे कौतुकास्पद.

शांतपणे! त्या रुमालाला भोक पडलं होतं.

नव्या शिक्षकांना मी आता एवढंच सांगते. प्रश्न विचारा आणि तोंड बंद ठेवा. बोलण्याचाच पगार घेणाऱ्याला ह्यापेक्षा अवघड काम नाही.