रूतअक्काच्या वहाणा

रोज दळायला बसायच्या आधी मूठभर जोंधळा देवळासाठी, म्हणजे आमच्या चर्चसाठी, वेगळा काढायचा, ही आम्हा भालकीच्या ख्रिस्ती बायांची रीत. मूठमूठ करता मडकं कधी भरतं, कळतसुद्धा नाही. आमच्या गुरुवारच्या प्रार्थनेतले किस्सेही असेच साठले!

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. रूतअक्काचे पाय सुजलेले, गुडघे आखडलेले. तिला चालता येत नव्हतं, म्हणून प्रार्थना तिच्याच बाजेभोवती व्हायची.

•

एकदा पाळकसाहेब रंगात येऊन सांगत होते, "आताची दुःखं येणाऱ्या गौरवापुढं काहीच नाहीत!" तेवढ्यात त्यांच्या मानेला गांधीलमाशी डसली.

"अगं आई गं!"

अक्का बाजेवरून म्हणाली, "हे आताचं झालं, साहेब. आता गौरवाचं सांगा!"

•

स्वर्गात सोन्याचे रस्ते आहेत, हे ऐकून मात्र तिला काळजी लागली. "सोन्यावर पाय घसरत न्हाई व्हय? त्यापरीस शेणानं सारवलेलं बरं!"

•

एका पावसाळ्यात अक्काला असा ताप आला, की तिच्या भावानं मयताची पेटीच करून आणली. अक्का उठून बसली! पेटी रिकामी कामून ठेवायची, म्हणून तिनं तीत जोंधळा भरला.

पुढं पाळकसाहेब जेवायला आले. भाकरीचं त्यांनी फार कौतुक केलं. अक्कानं भाबडेपणानं कोपऱ्यातली पेटी दाखवली. साहेबांचा घास तोंडातच थांबला.

"खावा, साहेब! मातीत जायच्या आधीच वर आलेला जोंधळा हाय!"

•

मी पडले नवस बोलणारी बाई. अक्का चालायला लागेपर्यंत पायात वहाण घालणार नाही, असं देवाला बोलून बसले. भालकीच्या बाभळींनी माझी परीक्षाच घेतली. अक्का माझ्या पायातले काटे सुईनं काढायची आणि बोलायची, "माझं दुखणं हाय तसंच हाय, वर तुझं वाढलं. आता दोघींसाठी नवस कोण करायचा?"

•

सूज मांड्यांपर्यंत चढली. हकीमसाहेब नाडी बघून म्हणाले, "अक्का, दवा हो गई. अब दुआ करो." मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी अक्कानं वहाणा शिवणाऱ्या मारुतीअण्णाला बोलावलं. तो दोरीनं माप घ्यायला लागला, तसा तिनं पाय मागं घेतला.

"सुजल्या पायाचं माप घेऊ नगंस. पहिल्यासारखं बारीक कर."

"मग ह्या पायात शिरतील कशा, अक्का?"

"ह्या पायात कोण घालायलंय!" तिनं माझ्याकडं बोट केलं. "हिचंबी माप घे. मी चालायला लागले, की हिचा नवस फिटतोय."

मारुतीअण्णा पार गोंधळला. "मग आधी कुणाचा जोड शिवू?"

अक्का हसली. "माझा!"